सांदवाडीतला पिपा

रविवार, १२ ऑक्टोबर २००८. दसऱ्यानंतरचा पहिला रविवार.

हजर: मी. आमचे हे. धाकटी जाऊ. माझी मुलगी, नागपूरहून सुट्टीवर आलेली. सासूबाई, मागच्या पडवीत बाजेवर बसून देखरेखीला.

गैरहजर: दीर. ते हायवेवर सडक अर्जुनीजवळच्या एका ढाब्यावर गल्ल्यावर बसत. रविवारी ट्रकवाल्यांची गर्दी जास्त, म्हणून त्यांना सुट्टी नसे.

अशी हजेरी मी घरातल्या प्रत्येक मोठ्या कामाच्या आधी लिहीत असे. शाळेच्या कार्यालयात नोकरी करून लागलेली सवय. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे कोण कोण आहे, काय काय करायचं आहे, काय काय लागणार आहे ते लिहायचं आणि पान पडवीच्या खिळ्याला अडकवायचं. घरातले हसत. दीर तर म्हणायचे, "वहिनीच्या यादीत आपलं नाव नसन तं आपन मेलो समजा."

त्या दिवशीचं काम सांदवाडीचं होतं. घरामागच्या कुंपणातल्या जागेला आमच्याकडे सांदवाडी म्हणतात. तिथे विहीर आहे, धुणं धुवायचा दगड आहे, वालाचा मांडव आहे आणि पावसाळाभर हवा तसा पसरलेला कोहळ्याचा वेल असतो. दिवाळीनंतर धान कापायला आलं की कोणालाच मान वर करायला वेळ नसतो, आणि तणस, म्हणजे धानाचा पेंढा, यायच्या आधी मागची जागा मोकळी लागते. म्हणून दसरा ते दिवाळीतला एक रविवार सांदवाडीचा, हे माझं दरवर्षीचं ठरलेलं.

त्या वर्षी एक काम जास्तीचं होतं. उन्हाळ्यात पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला होता आणि उतरवलेले जुने कवेलू, म्हणजे मातीची कौलं, मागच्या भिंतीला लावून रचून ठेवले होते. चार महिन्यांच्या पावसात त्या ढिगातून गवत वर आलं होतं. एका बाजूनं वेल चढला होता. उंदरांनी बिळं केली होती. जिथे उंदीर तिथे त्यांना खाणारा येणार, हे सांगायला कोणी लागत नाही.

त्यामुळे त्या पानावर खबरदारीचंच जास्त होतं. सगळ्यांनी पायात गमबूट घालायचे, हातात जाड हातमोजे. कवेलू उचलण्याआधी ढिगावर काठी आपटायची. हात घालायचा नाही, सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, आधी सैल करायचं. ढीग भिंतीकडून नाही, उजेडाकडून उपसायचा. ऊन कललं की थांबायचं, मग ढीग कितीही उरो. खाली जीपवाल्याचा फोन नंबर, सरकारी दवाखान्याचा नंबर. आणि शेवटी: साप दिसला तर जोरात "साप" म्हणून ओरडायचं. चावला तर धावायचं नाही, हात हलवायचा नाही, एका जागी बसून राहायचं, बाकीचे धावतील.

सकाळी चहा घेताना मी हे सगळं वाचून दाखवलं. गमबूट दोनच जोड होते. ह्यांनी एक पायात घातला आणि म्हणाले, "मी का सर्कशीत चाललो का?"

जाऊ हातमोजे घालून पंजे नाचवत होती. "बाई, या हातानं भात कसा कालवू?"

"भात खाताना काढायचे," मी म्हटलं.

"मंग लिहा थे बी. नाई तं मी तशीच बसन ताटावर."

ती तेव्हा तिशीच्या आसपास असेल. काटक, हसरी, कामाला माझ्या दुप्पट. ती आणि मी बारा महिने एकाच चुलीवर स्वयंपाक करत होतो आणि आमचं कधी वाजलं नाही. हे जमलं ते तिच्या स्वभावामुळे.

एक रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं तिच्यावर अवलंबून आहे. नवऱ्याच्या मोठ्या भावाला, म्हणजे भासऱ्याला, आमच्या भागात धाकटी सून तोंड दाखवत नाही आणि त्याच्याशी थेट बोलत नाही. शहरात हे कधीच मोडलं. आमच्या घरात सासूबाई होत्या, म्हणून टिकलं. जाऊ ह्यांच्यासमोर पदर डोक्यावर ओढून घ्यायची आणि काही सांगायचंच असलं तर मला सांगायची. हे हातभर अंतरावर उभे असले तरी.

"बाई, त्याइले सांगा, तिकून नोका ओढू. इकडून ढासळून राहिलं."

मी तोंड उघडायच्या आत हे ओढायचे थांबलेले असत. आम्ही तिघंही अशा वेळी गालात हसत असू, पण रीत रीत होती.

दिवसभर काम चांगलं झालं. कवेलू निम्म्याहून जास्त हलले. धड होते ते विहिरीजवळ रचले, फुटके खड्ड्यात टाकले. दोन विंचू निघाले, उंदरांचं एक घरटं निघालं. ऊन भिंतीवर चढलं तसं मी काम थांबवलं. हे म्हणाले, "अजून थोडंच तं हाय." मी पानाकडे बोट दाखवलं. उरलेला ढीग पुढच्या रविवारी.

अवजारं धुतली. हातमोजे साबणाच्या पाण्यात पिळून दोरीवर टाकले. सासूबाई पुढे देवाजवळ दिवा लावायला गेल्या. हे मोटरसायकल काढून दूध आणायला निघाले. मी स्वयंपाकघरात कणीक भिजवायला घेतली. लोडशेडिंगची वेळ होती. घरात कंदील होता, पडवीत नुसता अंधार उतरत होता.

त्यानंतर मागे काय झालं ते मी पाहिलं नाही. ते मला माझ्या मुलीनं सांगितलं आणि बरंच नंतर जाऊनं.

दिवसभरात गवत कापल्यावर एक मोठं कोहळं उघडं पडलं होतं. ओल्या मातीवर राहिलं तर खालून सडणार. म्हणून त्याच्याखाली सरकवायला जाऊ एक धड कवेलू घ्यायला गेली. विहिरीजवळचे कवेलू लांब होते, ढीग जवळ होता. हातमोजे दोरीवर ओले होते. तिनं वरचाच एक उचलला.

ती सांगते, मुंगी चावल्यासारखं वाटलं, करंगळीच्या खाली. पुढे जे सरकलं ते अंधारात नीट दिसलं नाही, पण काय होतं ते तिला कळलं. तिनं कवेलू हातातून टाकला नाही. कोहळ्याखाली नीट सरकवला आणि मगच पडवीत आली. ह्यांची मोटरसायकल तेव्हा फाटकाजवळ होती, सुरू व्हायची होती. ती त्यांच्या जवळून पुढे गेली, पण भासऱ्याशी बोलायचं नाही. पडवीत माझी मुलगी मोबाइल चाळत बसली होती. जाऊ तिला म्हणाली,

"मले किडा चावला वो."

आता या शब्दाबद्दल.

माझं लग्न होऊन मी वर्ध्याकडून इथे आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी मी "अगंबाई, साप" असं म्हणाले होते. पाण्याचा साप होता, मोरीत. सासूबाईंनी माझ्या तोंडासमोर हात धरला. "दिवे लागले का नाव नाई घ्याचं. आयकते थो. येते." मग काय म्हणायचं? किडा. दिवसा साप म्हणायला हरकत नाही. दिवेलागणीनंतर किडा. सगळा गाव असंच म्हणतो. गोंदियाकडचे, पलीकडे छत्तीसगडातले लोकही असंच काहीसं म्हणतात, असं पुढे कळलं. मी दोन-चार महिन्यांत शिकले आणि नंतर ते कधी शिकले हेही विसरले.

माझी मुलगी पाचवीपासून नागपूरला माझ्या बहिणीकडे शिकायला. सुट्टीत यायची, ती पाहुणी म्हणून. संध्याकाळी सांदवाडीत तिला कोण जाऊ देणार? किडा म्हणजे तिच्या लेखी किडा. मुंगळा, गांधीलमाशी, फार तर गोम.

"कुठे? दाखव," ती म्हणाली. मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं. दोन बारीक ठिपके, सूज नाही, रक्त नाही. "अगं काहीच नाहीये काकू. थांब, चुना लावते. तू बस इथे शांत."

चुना लावला. जाऊ बसली.

जाऊनं काय समजायचं? मुलगी सकाळी यादी वाचताना होती. तिनं हात पाहिला, "शांत बस" म्हणाली, जे पानावर लिहिलेलं होतं तेच. आणि नेमकी तेवढ्यात फाटकाबाहेर मोटरसायकल सुरू झाली. जाऊला वाटलं, भासरे जीप आणायला गेले. यंत्रणा लागली कामाला. आपण हलायचं नाही. ती भिंतीला टेकून, चावलेला हात मांडीवर ठेवून, जराही न हलता बसून राहिली. माझी मुलगी आत माझ्याजवळ आली आणि कांदा चिरायला बसली. काकूला काही चावलं हे तिनं मला सांगितलं नाही. सांगण्यासारखं तिला ते वाटलंच नाही.

पोळ्या होत आल्या तेव्हा मी हाक मारली, "भात उतरव गं."

उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा काहीतरी आलं, पण शब्द एकमेकांना चिकटलेले. मला वाटलं दमून झोप लागली. कंदील घेऊन मागे गेले. ती डोळे अर्धे मिटून बसली होती. पापण्या वर करायला तिला कपाळ वर करावं लागत होतं.

"काय झालं? बरं नाही वाटत?"

"गाडी आली का, बाई?"

"कोणती गाडी?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला अजून दिसते. इतका वेळ ज्यावर ती टेकून बसली होती ते काहीच तिथे नव्हतं, हे तिला त्या दोन शब्दांत कळलं. मला अजून काहीच कळलं नव्हतं.

"किडा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. हातावर चुन्याचा ठिपका होता.

मी मुलीला हाक मारली ती माझी मलाच ओळखू आली नाही. ती धावत आली. "चुना लावला ना मी. किडा चावला म्हणाली." मग माझा चेहरा पाहून तीही थांबली. तिला मी काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, "जीपवाल्याला फोन लाव. नंबर खिळ्यावर आहे."

सासूबाई पुढून आल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "पुजाऱ्याले बोलवा. इख उतरवू द्या आधी. मंग न्या कुठं न्याचं तिथं."

इथे भांडण करायला वेळ नव्हता. सासूबाईंना डावलून जाऊला घराबाहेर काढणं शक्य नव्हतं, आणि पुजारी येऊन कडुलिंबाच्या डहाळीनं झाडत बसेपर्यंत थांबणं त्याहून शक्य नव्हतं. मी म्हटलं, "आई, त्यांना जीपमध्येच बसवू. रस्त्यानं म्हणतील मंत्र."

"गाडीत चालते का थे?"

"विचारू त्यांनाच."

पुजारी, म्हणजे विष झाडणारा मांत्रिक, शेजारच्याच गल्लीतला. म्हातारा, पण चटपटीत. डहाळी हातात घेऊन आला आणि जीपमध्ये चढताना एवढंच म्हणाला, "मले खिडकीपाशी बसवा, बाई. गाडी लागते."

काळी-पिवळी जीप आली, ह्यांची मोटरसायकल पाठोपाठ. कॅनमधलं दूध हिंदकळत होतं. हे काय ते समजले आणि कॅन तिथेच ओट्यावर ठेवला. जाऊला उभं राहता येत नव्हतं. तिला उचलायला माणूस एकच होता. हे क्षणभर अडखळले. मग म्हणाले, "माफ कर, बाई," आणि तिला उचललं. मी ऐकलेलं त्यांचं तिच्याशी थेट पहिलं बोलणं. तिच्या अंगात त्राण नव्हतं, तरी तिचा चांगला हात डोक्याकडे जात होता, पदर शोधत होता.

रस्ता कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. मुलगी काकूचा हात धरून बसली होती, हलू नये म्हणून. खिडकीशी पुजारी पुटपुटत होता, मध्येच उमासे आवरत होता. मी जाऊच्या कानाशी बोलत राहिले. कोहळं, दिवाळीचा फराळ, काय वाटेल ते. ती आधी हुं करत होती. मग नाही.

दवाखान्यातही लाइट नव्हती. दारापाशी एक दिवा होता, त्याच्या उजेडात एक तरुण नर्स पुढे आली. बोलण्यावरून पश्चिमेकडची वाटली, नवीनच आलेली असावी.

"काय झालं यांना?"

"किडा चावला," हे म्हणाले.

पन्नाशीला आलेला माणूस. बारावी शिकलेला, रोज पेपर वाचणारा. भावाची बायको हातात लुळी पडली होती, तरी तोंडातून आला तो हाच शब्द. दिवे लागून गेले होते ना.

"कोणता किडा? गांधीलमाशी का? ॲलर्जी आहे का यांना कशाची?"

हे परत म्हणाले, "किडा, मॅडम, किडा." आवाज वाढवला, म्हणजे समजेल असं त्यांना वाटलं असावं. मी मागून पुढे येत होते. पण माझ्या आधी माझी मुलगी ओरडली.

"साप! साप चावलाय! साप!"

त्या कॉरिडॉरमध्ये तो शब्द केवढा तरी मोठा झाला. बाकांवर बसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. आणि जाऊ, जिला मघापासून बोट हलवता येत नव्हतं, तिचा हात वर आला. मुलीच्या तोंडापर्यंत आला, तिच्या ओठांवर टेकला आणि खाली पडला. त्यानंतर तिचा श्वास घोगरा झाला आणि थांबत थांबत येऊ लागला.

पुढचं सगळं डॉक्टरांनी आणि त्या नर्सनं भराभर केलं, त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. इंजेक्शनं चढवली. तोंडात नळी घातली. रबरी फुगा दाबून दाबून श्वास देत त्यांनी तिला ॲम्ब्युलन्सनं गोंदियाला मोठ्या दवाखान्यात पोहोचवलं. मण्यार असावी, असं डॉक्टर लक्षणांवरून म्हणाले. तिचं चावलेलं दुखत नाही, सुजत नाही, म्हणून लोक फसतात. पुजारी दवाखान्याच्या पायरीवर डहाळी मांडीवर घेऊन बसून राहिला आणि आमचा निरोप मिळाल्यावरच घरी गेला.

दीर ढाब्यावरून थेट गोंदियाला आले. काचेतून बायकोला पाहिलं. मशीन तिच्यासाठी श्वास घेत होतं. मग माझ्या मुलीकडे वळले.

"तुले माहीत नव्हतं?"

एवढंच. ओरडले असते तर बरं झालं असतं. ती मान हलवून नाही म्हणाली आणि मग बराच वेळ मान हलवतच राहिली.

जाऊ वाचली. मशीन निघालं, आवाज आला, पायांत बळ आलं. दिवाळीच्या आधी ती घरी आली. पुढच्या ओसरीवर बाजेवर बसायची, उन्हाकडे पाहायला डोळे बारीक करायची. उरलेला ढीग ह्यांनी आणि दिरांनी सब्बलीनं लांबून ढासळवला होता. काही निघालं नाही. भिंतीच्या कडेला एक कात निघाली, तेवढीच.

माझी मुलगी दिवाळीला थांबली होती. तिला काहीतरी नीट करून जायचं होतं. एका दुपारी ती काकूजवळ बसली, आणि मी दारात शेंगा सोलत होते.

"काकू, एक ऐकशील माझं? यापुढे असं काही झालं तर साप म्हणायचं. सरळ. रात्र असो, काही असो."

जाऊनं पदर सारखा केला.

"म्हण ना काकू. आता तर दिवस आहे. म्हण, मी संध्याकाळी पण म्हणेन."

"नाई."

"काऊन पण?" ती मुद्दाम तिच्याच बोलीत म्हणाली, हसवायला.

जाऊ हसली नाही. तिनं मुलीचा हात हातात घेतला. रागावलेली नव्हती, हेच अवघड होतं. "पाय बाई, मी नाव नाई घेतलं म्हनून वाचली. तू नाव घेतलं अन् माहा श्वास अटकला. मले समजून राहिलं होतं सगळं. डोळे मिटले होते, कान नाई."

"अगं, श्वास विषानं अडकला! मी म्हटलं म्हणून तर इंजेक्शन मिळालं!"

"मिळालं असन. मी तुले काई म्हनत नाई. तू लेकरू हायेस माहं. पन मी नाई म्हनणार."

दोघी एकाच वेळी एकाच जागी होत्या. एकीला वाटत होतं, तो शब्द उशिरा बोलला गेला म्हणून काकू मरता मरता वाचली. दुसरीला वाटत होतं, तो शब्द बोलला गेला म्हणूनच ती मरायला टेकली. घड्याळ लावून पाहिलं तर दोघींचंही जुळत होतं. आधी ओरडणं, मग श्वास अडकणं, मग इंजेक्शन. मी शेंगा सोलत राहिले. मला एकीचं बरोबर आहे हे पक्कं माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

मुलगी नागपूरला गेली. पुढच्या दसऱ्याला आली नाही, अभ्यास होता. त्याच्या पुढच्या वर्षीही काही होतं. फोनवर काकूशी बोलायची, काकू लाडू पाठवायची. सगळं नीट होतं. फक्त ती आमच्या घरी मुक्कामाला आली नाही.

सासूबाईंना बदलणं माझ्या हातात नव्हतं, जाऊला नाही, गावाला तर नाहीच. मग शब्दच लागू नये असं काहीतरी करायला हवं होतं. पुढच्या वर्षीच्या सांदवाडीच्या रविवारी मी गोडेतेलाचा एक रिकामा पिपा घेतला, त्याच्या कडेला भोक पाडलं आणि पडवीच्या खांबाला टांगला. शेजारी एक बोरीचं दांडकं ठेवलं. ज्याला काही दिसेल, काही चावेल, त्यानं पिपा बडवायचा. बोलायचं काहीच नाही. पिपा वाजला की सगळ्यांनी हातातलं टाकून यायचं आणि समजायचं ते समजायचं.

मी धाकधुकीनं जाऊला विचारलं, "हे चालेल?"

तिनं पिपा एकदा बोटानं वाजवून पाहिला. "पिप्याले का नाव रायते?"

सासूबाईंनीही हरकत घेतली नाही. हे म्हणाले, "आता वरात काढायले बरं झालं."

त्या रविवारी आम्ही एक तालीमही केली. मी पिपा वाजवला, सगळे आले, सगळे हसले. मी पानावर खूण केली.

एक गोष्ट मात्र तेव्हापासून चुकत आली. दांडकं जागेवर राहत नाही. हातासरशी सुकं लाकूड, आणि शेजारीच पाणी तापवायची चूल. थंडी आली की कोणीतरी ते चुलीत सरकवतं. मी नवं ठेवते, तेही जातं. लोखंडाची सळई ठेवली, ती वालाच्या मांडवाला टेकू म्हणून गेली. तारेनं बांधून टाकायचं, असं मी दर वर्षी पानावर लिहिते.

सासूबाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्यानंतर जाऊ ह्यांच्याशी थेट बोलायला लागेल, असं मला वाटलं होतं. अजून मध्ये मी लागते. सांदवाडीत ती संध्याकाळी जात नाही, पण दिवसा सगळं करते. मुलगी पुण्याला नोकरीला आहे. फोनवर शेवटी एकदा तरी विचारते, "पिपा आहे ना?"

यंदाच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दिवे लागले होते. मी स्वयंपाकघरात होते, जाऊ मागच्या दारात दोरीवरचे कपडे काढत होती. अचानक पिपा वाजला. पण आवाज नेहमीचा नव्हता, बोदा, धपधप असा. मी बॅटरी घेऊन धावले, पुढून हे धावले. दांडकं जागेवर नव्हतं. जाऊ तळहातानं पिपा बडवत होती. त्याच हातानं. डोळे विहिरीकडे, ओठ घट्ट मिटलेले.

बॅटरी मारली. विहिरीच्या कठड्याला लागून एक धामण जात होती, लांबलचक, कोणाला काही न करणारी. आम्ही तिघं ती कुंपणातून जाईपर्यंत पाहत उभे राहिलो. मग ह्यांनी माझ्याकडे पाहून म्हटलं, "तिले इचार, हाताले लागलं का?"

"नाई म्हना," जाऊ म्हणाली. हात लाल झाला होता.

रात्री फोनवर मुलीला सांगितलं. "कोणी वाजवला?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काकूनं.

"आणि काही म्हणाली?"

"नाही."

"दांडकं होतं?"

मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी बाजारातून तार आणली. पक्कडही सापडली आहे. बोरीची फांदी तोडून वाळत घातली आहे. दांडकं पिप्याला बांधायचं राहिलं आहे.